टर्बोला दोष द्यायच्या आधी तेलाचा माग काढा

या महिन्यात आलेल्या पत्रांत बरीच पत्रं एकाच दुखण्याची आहेत, टर्बोतून, म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या पंख्यातून, तेल येतंय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो आणि या वेळी सगळी जागा टर्बोलाच देतो, कारण यात लोकांचे पैसे फार जातात आणि बऱ्याचदा विनाकारण जातात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: नमस्कार सर, माझी २०१४ ची डिझेल हॅचबॅक आहे, १ लाख ४२ हजार चाललीय. आठवड्यातून दोनदा सातारा-पुणे होतं, परत येताना खंबाटकी घाट आलाच. परवा सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा मेकॅनिकने इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होस काढून दाखवला, आत बोट फिरवलं तर बोट काळं आणि तेलकट. म्हणाला टर्बोचं सील गेलंय, नवीन टर्बो टाका, ३८ हजार होतील. पिकअप ठीक आहे, धूर मला तरी दिसत नाही, बारीक शिट्टीसारखा आवाज आहे पण तो गाडी घेतल्यापासूनच आहे. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: दादा, पिकअप ठीक, धूर नाही, आवाज बदललेला नाही, आणि फक्त होसमध्ये बोट तेलकट झालं म्हणून ३८ हजार घालवू नका. आधी एक सांगा, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल किती कमी होतं? हे तुम्ही लिहिलं नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागेवर, डिपस्टिक पुसून लेव्हल बघा, मोबाईलमध्ये फोटो काढून किलोमीटर लिहून ठेवा, आणि १००० किमीनंतर त्याच जागेवर तसंच पुन्हा बघा. टर्बो खरंच ऑइल फेकत असेल तर ते डिपस्टिकवर दिसल्याशिवाय राहत नाही, जाणार कुठे तेल?

आता होसमध्ये तेल येतं कसं ते सांगतो. इंजिन चालताना पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाला ऑइल असतं तिथे, उतरतोच, अगदी शोरूममधून आलेल्या गाडीतसुद्धा. तो बाहेर काढायला टॅपेट कव्हरवरून ब्रीदरची नळी असते, ती प्रदूषणामुळे हवेत सोडता येत नाही म्हणून एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपला जोडलेली असते. त्या गॅसबरोबर तेलाची वाफ आणि बारीक थेंब जातात, टर्बोतून पुढे जाऊन इंटरकूलरमध्ये थंड होतात आणि तिथेच बसतात. तुमच्या गाडीइतकी चाललेली डिझेल गाडी असेल आणि होस आतून कोरडा ठणठणीत असेल तर उलट मलाच आश्चर्य वाटेल. थर असणं आणि तेल साचणं यात फरक आहे. होस काढल्या काढल्या तेलाची धार लागली किंवा इंटरकूलर उलटा केल्यावर कपभर तेल निघालं तर गोष्ट गंभीर, नुसता पोळीला तेलाचा हात फिरवल्यासारखा थर असेल तर ती चालत्या इंजिनाची गोष्ट आहे.

दुसरं म्हणजे 'टर्बोचं सील गेलं' हे वाक्य. सील म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर क्रँकला असतं तसं रबराचं ऑइल सील येतं. टर्बोच्या शाफ्टला तसलं काही नसतं. एका टोकाला एक्झॉस्टचा गॅस, डिझेलमध्ये ७००-८०० डिग्री आणि पेट्रोलमध्ये त्याहून जास्त, तिथे रबर टिकणारच नाही. तिथे पिस्टन रिंगसारखी एक बारीक धातूची रिंग असते, पेन्सिलीएवढ्या शाफ्टवर, आणि तो शाफ्ट छोट्या गाडीत मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. तेल आत राहतं ते मुख्यतः दोन कारणांनी. चाकांच्या मागचा हवेचा आणि गॅसचा दाब तेलाला मध्येच ढकलून ठेवतो, आणि वरून आलेलं तेल बेअरिंग ओली करून लगेच खाली चेंबरमध्ये उतरून जातं. वरून येताना पंपाचा दाब असतो, खाली उतरताना मात्र पंप नाही, नुसतं वजनाने उतरायचं, तेही फेसाळलेलं, म्हणून खालची ड्रेनची नळी वरच्या नळीपेक्षा कितीतरी जाड असते. मोरीचं भोक तुंबलं की नळात काही दोष नसताना पाणी घरभर होतं ना, तसंच इथे. ड्रेन तुंबला, किंवा ब्रीदर तुंबून चेंबरमध्येच दाब वाढला, की अगदी नवा कोरा टर्बोसुद्धा दोन्ही बाजूंनी तेल फेकतो. आणि एअर फिल्टर चोक असेल तर टर्बो जोरात हवा ओढतो, त्या ओढीत तेलही खेचलं जातं.

म्हणून तुमच्या मेकॅनिकला म्हणा की मी पैसे देतो पण आधी तपासा, आणि हे समोर उभं राहून करून घ्या, इंजिन पूर्ण थंड असताना. एअर फिल्टरकडून टर्बोकडे येणारा पाइप काढायचा. पाइपात ब्रीदर जिथे जोडलाय तिथे टॉर्च मारायची. ब्रीदरच्या तोंडापासून तेलाचा ओघळ सुरू होऊन टर्बोच्या चाकापर्यंत आलेला असेल, म्हणजे चाकाच्या आधीच ओलं आहे, तर ते तेल टर्बोचं नाही, ब्रीदरमधून येतंय. पाइप कोरडा आहे आणि चाकाच्या मागून, चाक आणि बॉडी यांच्या फटीतून तेल पाझरून पुढच्या बाजूला साचलंय, तर संशय टर्बोवर.

मग चाक बोटांनी धरून हलवायचं. इथे बहुतेक जण फसतात. वर-खाली किंवा डाव्या-उजव्या बाजूला हलवलं तर थोडासा प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागतोच, कारण बेअरिंग तेलावर तरंगणारी असते आणि बंद गाडीत तेल उतरून गेलेलं असतं. तो प्ले बघून टर्बो भंगारात काढू नका. बघायचं ते असं की हलवून एका बाजूला दाबून फिरवलं तर पाती बॉडीला घासतात का, आणि चाक पुढे-मागे, म्हणजे आपल्याकडे ओढून आणि आत ढकलून, हलतंय का. पुढे-मागे हाताला टकटक जाणवली तर थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारी बेअरिंग, गेली, तिथे मग वाद नाही. पात्यांच्या कडा पण बघा, कडा मोडल्या किंवा खरवडल्या असतील तर काहीतरी आत गेलंय.

त्यानंतर ऑइल भरायचं झाकण. इंजिन चालू करून आयडलिंगला झाकण उघडून तोंडावरच उलटं ठेवायचं. डिझेलला थोडी थरथर असतेच. पण झाकण उडून पडत असेल, रेल्वेच्या इंजिनासारखा भकाभका धूर येत असेल, किंवा डिपस्टिक आपोआप वर येत असेल, तर आपले मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते झालंय. आधी ब्रीदरची नळी आणि तिचा सेपरेटर साफ करून पुन्हा बघायचं, तरीही तसंच असेल तर रिंगा गेल्या, आणि तिथे ३८ हजाराचा टर्बो टाकून एक थेंब तेल थांबणार नाही.

तुमच्या पत्रावरून मला वाटतं ब्रीदर साफ, एअर फिल्टर नवा, होस आणि इंटरकूलर धुऊन कोरडे करून बसवले की काम भागेल. धुऊन बसवा हे मुद्दाम सांगतोय, कारण जुनं तेल तसंच ठेवलं तर पुढच्या वेळी नवं किती आलं ते कळणारच नाही. आणि १००० किमीचा हिशोब आला की मला पुन्हा लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

प्रश्न: सर, मी छत्रपती संभाजीनगरहून लिहितेय. आमच्या घरच्या डिझेल एसयूव्हीच्या टर्बोची कोअर (आतला शाफ्ट, चाकं आणि बेअरिंगचा मधला भाग) दोन महिन्यांपूर्वी बदलली, २२ हजार बिल झालं. ९०० किमी झाले आणि परत निळा धूर, सिग्नलला दोन मिनिटं थांबून निघालं की मागच्या गाडीवाला दिसेनासा होतो. गॅरेजवाला म्हणतो कोअर डुप्लिकेट होती, पार्टवाला म्हणतो फिटिंग चुकलं. मी याच गाडीतून मुलांना शाळेत सोडते, मला फक्त एवढं सांगा की चालवायची की नाही, आणि कोणाचं खरं मानायचं.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: ताई, आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. इतका धूर येत असेल तर तपासणी होईपर्यंत मुलांना घेऊन ही गाडी चालवू नका. घाबरवत नाहीये पण कारण सांगायला हवं. डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही, आत जे जळण्यासारखं जाईल ते दाबाने पेटतं. टर्बोच्या हवेच्या बाजूने ऑइल भरपूर जायला लागलं तर इंजिन त्या ऑइलवरच पळायला लागतं, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना आरपीएम चढतच जातो आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण चावीने डिझेल बंद होतं, ऑइल नाही. हे रोज होत नाही, पण होतं. तसं कधी झालं तर गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक ओढून, सगळ्यात वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून द्यायचा, इंजिन दबून बंद पडतं. ऑटोमॅटिकला हा उपाय चालत नाही, तिथे गाडी कडेला घेऊन सगळ्यांना उतरवून लांब जायचं. आणि कोणी म्हणालं की पाइप काढून हवेचं तोंड हाताने दाबतो तर त्याला हात लावू देऊ नका, बोटं जातील.

आता कोणाचं खरं. दोघांनीही एक गोष्ट सांगितलेली नाही, पहिला टर्बो का गेला? ते न शोधता कोअर बदलली असेल तर दुसरी, तिसरी पण जाईल, कितीही ओरिजिनल आणा.

वाईकडची एक वडापची गाडी माझ्याकडे आली होती, तीन वर्षांत तिसरा टर्बो, मालक अगदी रडकुंडीला आलेला, रोजच्या कमाईची गाडी. टर्बो सोडून मी त्याच्या खालची ड्रेनची नळी काढली. बाहेरून एकदम चांगली, पुसून लख्ख केलेली. उजेडाकडे धरून आतून बघितलं तर पलीकडचा उजेड दिसतो न दिसतो, मध्ये करंगळीसुद्धा जाणार नाही एवढंच भोक उरलेलं. वरच्या तोंडाला गॅस्केटच्या जागी सिलिकॉन लावलेलं, ते दाबलं गेल्यावर आतल्या बाजूला लाल ओठासारखं लोंबत होतं, आणि त्याला अडकून अडकून खाली कोळसा झालेला, स्क्रू ड्रायव्हरने टोचला तर खडा फुटल्यासारखा टक आवाज. नळी नवी टाकली, गॅस्केट कागदाचं बसवलं, काढलेला तोच टर्बो तपासून परत चढवला. धूर गेला. त्या टर्बोला पुढे-मागे प्ले नव्हताच, आधीच्या दोनचं काय झालं असेल ते आता कोणाला कळणार.

तुमच्याही गाडीत थांबून निघाल्यावर धूर येतो हे महत्त्वाचं लक्षण आहे. आयडलिंगला चाकांच्या मागे दाब नसतो, त्यामुळे ड्रेन नीट उतरत नसेल तर तेल तेव्हाच बाहेर येऊन साचतं, आणि निघालात की एकदम जळतं. थंड इंजिन चालू करताना एक भपका येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घेतात, चढावर जोर दिल्यावर सतत येत असेल तर रिंगांवर, पण नुसत्या धुरावरून निकाल देऊ नये, हे सगळे धूर एकमेकांत मिसळतात. पक्का पुरावा सायलेन्सरच्या बाजूला मिळतो. टर्बोच्या पुढचा पाइप सोडून टर्बाइनचं, म्हणजे एक्झॉस्टच्या बाजूच्या चाकाचं, तोंड बघायचं, आणि टर्बोच्या मागचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून टर्बोपर्यंत गॅस आणणारा पाइप, पण. टर्बाइनच्या तोंडाला तेल ओलं आणि मॅनिफोल्ड कोरडा, तर तेल टर्बोतून आलं. मॅनिफोल्डच ओला, तर तेल इंजिनातूनच येतंय आणि टर्बो बिचारा मधल्या मध्ये बदनाम होतोय.

गॅरेजवाल्याला विचारायच्या गोष्टी सांगतो, त्या एकेक विचारा. वरची ऑइल देणारी नळी नवी टाकली का? ती बारीक असते, आतून कार्बन धरते, आणि नुसती पेट्रोलने धुऊन बसवली तर तो कार्बन सुटून नव्या बेअरिंगमध्ये जातो. काही गाड्यांत तिच्या बँजो बोल्टमध्ये, म्हणजे ज्याच्या पोकळीतून तेल जातं त्या बोल्टमध्ये, बारीक जाळी असते, ती तुंबली असेल तर टर्बो तेलावाचून मरतो. ड्रेनच्या नळीला सिलिकॉन लावलंय का? कोअर बसवल्यावर ऑइलच्या भोकातून तेल ओतून चाक हाताने फिरवलं होतं का, आणि पहिल्यांदा चालू करताना थोडा वेळ नुसतं क्रँक करून मग स्टार्ट केलं होतं का? तसं नसेल तर पहिले काही सेकंद दीडेक लाख फेऱ्यांचा शाफ्ट कोरडाच फिरला. ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदललं का? आणि शेवटचं, इंटरकूलर आणि सायलेन्सरमधलं जुनं तेल काढलं का? काढलं नसेल तर नवीन टर्बो उत्तम असूनही पहिले काही दिवस धूर येतो, पण तो दिवसागणिक कमी होत जातो. तुमचा ९०० किमीनंतर नव्याने सुरू झालाय, म्हणून तो जुन्या तेलाचा नाही असं मला वाटतं. काढलेली जुनी कोअर मागून घ्या. तिचा शाफ्ट निळा-जांभळा पडला असेल तर तेल कमी पडलं होतं, बेअरिंगवर ओरखडे असतील तर तेलात घाण होती, आणि दोन्ही नसेल, शाफ्ट चकचकीत असेल, तर ताई, ती कोअर बहुतेक गेलेलीच नव्हती.

प्रश्न: पुण्यात राहतो, बीएस सिक्स डिझेल, २०२१ ची. रोज घर ते ऑफिस ६ किमी. आमचं सगळं उलटंच चाललंय, ऑइल कमी व्हायच्या ऐवजी डिपस्टिकवर वाढतंय, मॅक्सच्या वर गेलंय, आणि होसच्या जॉइंटला तेलाचे ओघळ आहेत. टर्बो असेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: तुमच्या पत्राबद्दल आभार, कारण हे बऱ्याच जणांना होतं आणि त्यांना उलट आनंद होतो की गाडी ऑइल खात नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स आलं तेव्हापासून डिझेल गाड्यांना सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर आला, डीपीएफ. तो भरला की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल टाकून तो तापवते आणि काजळी जाळते. बऱ्याच गाड्यांत हे जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्येच उशिरा मारलं जातं, त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. लांब चाललात तर गरम ऑइलमधून ते बरंचसं उडून जातं. ६ किमीत इंजिन धड तापतही नाही, जाळायचं काम अर्धवट राहतं, उद्या पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट, आणि प्रत्येक वेळी थोडं डिझेल ऑइलमध्ये. त्यामुळे लेव्हल वाढते, ऑइल पातळ होतं, ब्रीदरमधून जास्त तेल जातं आणि होसच्या जॉइंटला तुम्हाला जे दिसतंय ते दिसतं.

म्हणजे आत्ता टर्बोचा दोष नाही, पण असंच चालू ठेवलं तर टर्बोची बेअरिंग ज्या तेलावर तरंगते ते पातळ झालेलं असल्यामुळे उद्या दोष येईल. डिपस्टिकचा वास घ्या, डिझेलचा वास आला की ऑइल लगेच बदला, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका. पुस्तकात दिलेलं लो-अ‍ॅश ऑइलच टाका, दुसऱ्या ऑइलची राख डीपीएफमध्ये कायमची बसते, ती जळत नाही. आणि आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास एका लयीत हायवेला गाडी न्या. ज्यांना खरंच टर्बो लीक आहे त्यांनाही इथे एक सांगून ठेवतो, डीपीएफच्या गाडीत निळा धूर दिसेलच असं नाही, फिल्टर तो अडवतो, आणि टर्बोबरोबर डीपीएफही जातो. त्यामुळे अशा गाडीत धुराची वाट न बघता डिपस्टिकवरच लक्ष ठेवायचं.

प्रश्न: माझी छोटी टर्बो पेट्रोल आहे. फोंड्याहून बेळगावला चोर्ला घाटाने जाणं होतं. घाट चढून चहाला थांबलं की बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास येतो. खाली थेंब पडत नाही, लेव्हल अगदी थोडी कमी होते. गॅरेजमध्ये दोनदा दाखवली, त्यांना लीक सापडत नाही.
– एक वाचक, फोंडा

उत्तर: थेंब पडत नाही कारण तो खाली पोचायच्या आतच तापलेल्या टर्बोवर जळून जातो, वास त्याचाच. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, तापलेल्या लोखंडावर तेल म्हणजे आगीची भीती. लीक सापडत नाही म्हणजे घाणीत शोधतायत. तेल वाऱ्याने मागे आणि वजनाने खाली पसरतं, त्यामुळे जिथे सगळ्यात जास्त ओलं तिथे लीक नसतो, सगळ्यात वर जिथे पहिलं ओलं असतं तिथे असतो.

गाडी पूर्ण थंड करा, टर्बोवरचा उष्णतेचा पत्रा काढा, डिग्रीझर मारून ब्रशने धुऊन कोरडं करा, प्रेशरचं पाणी कनेक्टरवर मारू नका. मग बाळाची साधी टाल्कम पावडर कापसाने त्या सगळ्या भागावर हलकी झटका, पांढरं दिसेल एवढी. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून या, बंद करून थंड झाल्यावर टॉर्च मारा. पांढऱ्यावर तेलाची रेष स्पष्ट उठते आणि तिचं वरचं टोक म्हणजे तुमचा लीक. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा वरच्या ऑइल पाइपच्या बँजो बोल्टचे वॉशर निघतात, तांब्याचे, एकदा उघडून तेच पुन्हा बसवलेले. ते वॉशर दाबले जाऊनच सील होतात, दुसऱ्यांदा वापरले की धरत नाहीत. किंमत अगदी किरकोळ. बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळा, जोर लावून नको, तो पोकळ असतो आणि तुटतो. वॉशर आणि बोल्ट दोन्ही बरे निघाले तर टर्बोच्या वर टॅपेट कव्हरचं गॅस्केट बघा, तिथून ओघळून टर्बोवर पडलेलं तेल टर्बोच्या नावावर जातं.

प्रश्न: लीक थांबवायला जाड ऑइल, २०डब्ल्यू५०, टाकलं तर चालेल का? आणि मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडला सेकंडहँड टर्बो स्वस्तात मिळतो, घेऊ का? गाडीत १.३ मल्टिजेट इंजिन आहे.
– एक वाचक, पनवेल

उत्तर: जाड ऑइल नको. थंड इंजिनात ते बारीक नळीतून टर्बोपर्यंत उशिरा पोचतं आणि ड्रेनमधून हळू उतरतं, म्हणजे टर्बोला हवं त्याच्या दोन्ही बाजूंनी उलटं. लीक बंद करायच्या बाटल्याही नको, त्या रबर फुगवतात, टर्बोला रबराचं सील नाही हे वर सांगितलंच.

सेकंडहँडचं म्हणाल तर मल्टिजेटमध्ये दोन जाती आहेत, ७५ हॉर्सपॉवरवाल्याला साधा वेस्टगेटचा टर्बो आणि ९० वाल्याला व्हीजीटी, म्हणजे आतली पाती उघडमीट होणारा. एकाचा दुसऱ्याला चालत नाही, त्यामुळे आपल्या टर्बोवरच्या पत्र्यावरचा पार्ट नंबर फोटो काढून न्या आणि आकड्याला आकडा जुळवा. घेताना चाक पुढे-मागे हलतं का ते बघा, पाती बघा, आणि मुख्य म्हणजे ऑइल उतरायच्या भोकात टॉर्च मारा. आतून काळा कडक कोळसा असेल तर तो टर्बो गरम असतानाच बंद केला जायचा, तेल आतल्या आत करपलेलं, तो घेऊ नका. आपल्या गाडीचं पण तसं होऊ नये म्हणून घाट चढून किंवा एक्सप्रेसवेवरून उतरून थांबलात की लगेच चावी बंद करू नका, मिनिटभर आयडलिंगला ठेवा, तेवढ्यात तेल फिरून शाफ्ट थंड होतो.

आणि टर्बो विकत घ्यायच्या आधी ड्रेनची नळी काढून उजेडाकडे धरून बघा. गॅस्केट आणि नळीसाठी फार खर्च येत नाही, आणि पनवेलमध्ये कोणताही चांगला मिस्त्री ते एका दुपारीत करून देईल.